कुंडी बदलायला दोन माणसं

"बाई, ह्यात माती राहिलीच न्हाई," संकपाळ म्हणाला. त्याने कुंडीवर बोटाने टकटक केलं, कान लावून ऐकलं आणि नासकं कलिंगड परत ठेवणाऱ्या गिऱ्हाइकासारखं तोंड केलं. "नुसती मुळंच हाईत आत."

"मग किती इंची कुंडी लागेल?"

"कुंडीचं राहू द्या. आधी हे भाईर निघायचं कसं, ते बोला."

"ते तुम्ही सांगायचं. त्यासाठी तर बोलावलंय."

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. संकपाळची नर्सरी कोल्हापुरात आमच्या मागच्या रस्त्याला होती, आणि मी त्याला तीन वेळा खेटे घालून एकदाचा तिसऱ्या मजल्यावर आणला होता. माझ्या हॉलमधलं रबराचं झाड आजारी होतं. आठ फूट एक इंच उंच, सोळा इंची सिमेंटच्या कुंडीतलं. उंची अंदाजपंचे सांगत नाही, मोजलेली आहे. मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होते. पारड्याखाली चिंच चिकटवणारे, वजनाचं बूड पोखरणारे, कापड मोजताना अंगठा दाबणारे असे सगळे कलाकार मी पाहिले आणि त्यांची वजनं जप्त केली. बाजारात शिरले की "काटेवाल्या बाई आल्या" अशी कुजबुज माझ्या पुढे चालायची. मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू.

तर झाडाचं. गेल्या दिवाळीपासून त्याला नवं पान नव्हतं. पाणी घातलं की ते वरच्यावर थांबायचं आणि मग खालच्या भोकातून एकदम सुटायचं. त्या भोकातून बोटाएवढं जाड मूळ बाहेर येऊन ताटलीत वेटोळं घालून बसलं होतं. खालची पानं एकेक करून पिवळी पडत होती. आणि या घरात माझ्याशिवाय जिवंत म्हणावं असं तेवढंच होतं.

"आत्ता माघ चाललाय," संकपाळ सांगू लागला. "आत्ता हात लावायचा न्हाई. झोपेत असतंय झाड. चैत्रात शेंड्याला लाल कोंब सुटंल बगा. तो निम्मा उघडला की समजायचं, जागं झालं. मग काढायचं. आदल्या दिवशी पाणी द्यायचं, म्हंजी गड्डा सुटतोय. कडंनं सुरी फिरवायची. झाड आडवं करायचं. मग एकानं बुंधा धरायचा आनि एकानं कुंडी वढायची. नवी कुंडी दोनच इंच मोठी घ्या. हौसंनं टोपलं आणशीला आनि मुळं कुजतील."

मी सगळं वहीत लिहून घेत होते. 'एकाने बुंधा, एकाने कुंडी' इथे पेन थांबलं.

"एकट्याने होत नाही?"

"न्हाई ओ. एकट्यानं केलं तर झाड तरी मोडतं, न्हाईतर माणूस. घरात कोण तरी हाय न्हवं?"

"आहेत," मी म्हणाले.

का म्हणाले, कोण जाणे. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडलं, आणि स्वतः बोलले ते हे असलं, एका नर्सरीवाल्यासमोर. संकपाळने हॉलभर नजर फिरवली. एक दिवाण, एक खुर्ची, स्टुलावर एक पेला.

"मग झालं तर," तो म्हणाला. "तुमचं तुमीच करा. माझी काय गरज न्हाई."

झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

चैत्र लागला. शेंड्याला लाल कोंब आला, मिरचीएवढा. रोज सकाळी मी स्टुलावर चढून तो मोजायची. दोन इंच, अडीच, सव्वातीन. एकीकडे कोंब वाढत होता आणि दुसरीकडे खालची पानं गळत होती. आठवड्यात पाच गेली. झाडाला जगायचं होतं आणि जागा नव्हती, इतकं सरळ होतं ते.

दोन दिवस मी मनाशी वाद घातला आणि तिसऱ्या दिवशी नर्सरी गाठली. संकपाळला काय सांगायचं तेही ठरवलं होतं, 'घरातले गावाला गेलेत' म्हणून. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू. पण नर्सरीला कुलूप होतं आणि दारावर खडूने लिहिलं होतं, जोतिबाच्या यात्रेमुळे आठ दिवस बंद. त्याच्या गावची सासनकाठी डोंगरावर निघाली होती. आता तो काठी सोडून माझ्या झाडापाशी थोडाच येणार होता!

परत येताना मी जिना चढता चढता माणसं मोजली. इमारतीत बारा घरं. अकरा वर्षं मी तिथे राहत होते. पहिल्या मजल्यावर बँकेतले एक गृहस्थ, ते मला पाहिलं की मोबाईल कानाला लावत. दुसऱ्या मजल्यावर दोन मुलं असलेलं जोडपं. मुलांचा चेंडू एकदा माझ्या दारात आला होता, तर तो न्यायला कुणी आलं नव्हतं. आणि माझ्या समोरच्या दारात एक बाई. नवरा वारलेला, मुलगा परगावी. दारावर पाटी होती 'आप्पासो कळंत्रे', म्हणजे त्या नवऱ्याची. बाईचं नाव मला माहीत नव्हतं.

या कळंत्रेबाई मी राहायला आले त्या पहिल्या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या. वर विणलेला रुमाल. मी दार वीतभर उघडून सांगितलं होतं, "मी कुणाकडून काही घेत नाही."

"आमचं दुकान न्हाई ओ, बाई," त्या म्हणाल्या होत्या.

"तरीही."

त्या ताट धरून क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग गेल्या. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. खात्यात चहाच्या कपाने सुरुवात होते आणि पेढ्यांच्या पुड्यावरून पुढे कुठे जाते, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मी पहिल्या वर्षीच कानाला खडा लावला होता. बाजारात फिरताना पाण्याची बाटलीसुद्धा घरची. सणावाराला दुकानदार घरी यायचे तेव्हा बेल वाजली की मी श्वास रोखून बसायची. पंखा बंद, रेडिओ बंद. ते कंटाळून गेले की मग उठायची. नोकरी संपली तरी ही सवय संपली नाही. बेल वाजली की मी आपली गप्प. कळंत्रेबाई त्यानंतरही अधूनमधून बेल वाजवायच्या. तीन-चार महिन्यांतून एकदा. मी दार उघडत नसे.

आता सांगा, त्यांच्या दारात जाऊन 'जरा बुंधा धरायला येता का' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तेव्हा आपला हात जगन्नाथ. गुरुवारी सकाळी दहा वाजता मी कामाला लागले. कोंब निम्मा उघडला होता. आदल्या दिवशी पाणी दिलं होतं. हॉलमध्ये दोन जुन्या चादरी अंथरल्या, दिवाण भिंतीकडे सरकवला. अठरा इंची प्लॅस्टिकची कुंडी, खतमाती, पातळ सुरी, कासऱ्याएवढा जाड दोर, सगळं ओळीने मांडलं. शेवटी लोखंडी मीटर, कापडदुकानात असतो तसला. तो मी नोकरीत असताना स्वतःसाठी विकत घेतला होता आणि घरातही त्यानेच मोजायची. बेत असा होता की दोर बुंध्याला बांधायचा, खिडकीच्या गजातून ओवून घ्यायचा आणि इंचाइंचाने सोडत झाड आडवं करायचं. म्हणजे खिडकीचे गज हेच माझं दुसरं माणूस.

माझं वजन एकोणपन्नास किलो. कुंडीसकट झाड साठाच्या खाली नक्की नव्हतं, पण मी बावन्न धरलं. उभ्या नोकरीत जी सूट मी कुणाला दिली नव्हती ती त्या दिवशी स्वतःला दिली.

झाड अर्ध्यापर्यंत छान आलं. मग दोर हातातून एक वीत सुटला, कुंडीचं बूड पुढे घसरलं आणि मी दोर सोडून बुंधा धरायला धावले. बस्स. मोठा आवाज झाला. मी पाठीवर पडले, माझ्यावर झाड पडलं आणि कुंडी घसरत येऊन माझ्या डाव्या पायावर बसली. घोटा कुंडीचा काठ आणि दिवाणाचा पाय यांच्यामध्ये अडकला. पाय ओढायला गेले तर डोळ्यांपुढे काजवे चमकले.

काही वेळ मी पानांमधून छताकडे बघत राहिले. मोडलेल्या देठांतून पांढरा चीक गळ्यावर थेंब थेंब पडत होता. फोन स्वयंपाकघरात फ्रिजवर होता. दाराला आतून लॅच.

आणि बेल वाजली.

मी श्वास रोखला.

खरं सांगते, मी जाणूनबुजून काही केलं नाही. बेल ऐकली आणि अंगाने आपोआप ते केलं. हात तोंडावर गेला. पान हललं तर आवाज होईल म्हणून मी मान वळवली नाही.

"बाई?" दाराबाहेरून कळंत्रेबाईंचा आवाज आला. "काय पडलं ओ? काय लागलं तर न्हाई न्हवं?"

मी गप्प.

पुन्हा बेल. मग समोरचं दार उघडल्याचा आवाज आणि त्यानंतर शांतता.

शांतता झाल्यावर मला कळलं की मी काय केलं. एक माणूस दारापर्यंत आलं होतं, काय लागलं का म्हणून विचारत होतं, आणि मी पायावर दगडासारखी कुंडी घेऊन त्याच्यापासून लपून बसले होते. मी रडले तेव्हा. पायासाठी नाही. किती वर्षांत रडले नव्हते, आणि रडले ती अशी, झाडाखाली, डोळे पुसायला हात चिकाने बरबटलेले.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. घड्याळ दिसत होतं. कामवाली बाई मी ठेवलेली नव्हती. दूध मी स्वतः आणायची. पेपरवाला जिन्यातून भिरकावून जायचा. कुणाच्या लक्षात यायला किती दिवस लागतील याचा मी हिशेब करू लागले, आणि आकडा काही धड येईना. पेन्शन बँकेत जमा होत राहील, विजेचं बिल खात्यातून परस्पर जात राहील. माझ्या नसण्याने कुठलाही काटा हलणार नव्हता.

पडल्या पडल्या मला मुजावर आठवला. म्हमूलाल मुजावर, आमच्या कार्यालयातला शिपाई. मी निवृत्त झाले त्या दिवशी निरोपसमारंभ झाला नाही. करायचं म्हणत होते, पण वर्गणी कुणी काढायची यावर घोडं अडलं, आणि मीच साहेबांना म्हटलं की मला असलं काही चालत नाही. सहा वाजता किल्ल्या दिल्या, सही केली आणि निघाले. फाटकाबाहेर मुजावर उभा होता. हातात गोडेतेलाचा रिकामा डबा, त्यात गुडघ्याएवढं रबराचं रोप. मी त्याला नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मुजावर, तुम्हाला माहीत आहे, मी घेत नाही."

त्याने मनगट पुढे करून घड्याळ दाखवलं.

"सहा वाजून सात मिंटं झाली, बाईसाहेब. आता तुमी साहेब न्हाई आनि मी तुमचा शिपाई न्हाई. साडेपाचपास्नं हितं हुबा हाय मी, तुमची सुट्टी व्हायची वाट बघत. आता घ्या."

आणि मी घेतलं. आयुष्यात दुसऱ्याच्या हातून मी घेतलेली ती एकच वस्तू. पुढच्या वर्षी मुजावर वारला. मला ते चार महिन्यांनी कळलं. तेच झाड आता माझ्या छातीवर आडवं पडलं होतं आणि त्याचा लाल कोंब माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, नशिबाने शाबूत होता. मुळं उघडी पडली नव्हती, पण बुंधा असाच पिळवटलेला राहिला तर संध्याकाळपर्यंत साल फाटली असती. मी मेले असते तर ते कुणाला महिनाभर कळलं नसतं, हे ठीक. पण झाड मरू द्यायचं नव्हतं.

हाक मारायची होती. आता हाक मारायची म्हणजे काय म्हणायचं? 'वाचवा' म्हणायला मला लाज वाटली. 'कोण आहे का' म्हणावं तर ते कुणालाच उद्देशून नाही. आणि समोरच्या बाईंचं नाव मला माहीत नव्हतं. मी दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं. खाकरून घसा साफ केला. अकरा वाजायला दहा मिनिटं असताना मी जेवढा जोर होता तेवढा एकवटून ओरडले, "अहो कळंत्रे! मला जरा हात द्या हो!"

"आले, आले!"

उत्तर इतक्या जवळून आलं की मी दचकले. दाराला तोंड लावूनच बोलल्या त्या.

"दार उघडा की, बाई."

"उठता येत नाही. पायावर कुंडी पडलीय."

"अगं आई गं! किल्ली हाय का कुणाकडं?"

"नाही."

"न्हाईच असणार म्हणा," त्या म्हणाल्या. "बरं. हाताशी काय हाय तुमच्या? पहार, काठी, कायबी."

मी हाताने चाचपलं. "लोखंडी मीटर आहे."

"मग घाला की कुंडीखाली आनि उचला!"

"वाकेल तो."

दारावर एक थाप पडली.

"बाई," त्या सावकाश म्हणाल्या, जसं लहान मुलाला सांगतात, "पाय तुमचा हाय का त्या मीटरचा?"

मी बुंधा छातीवरून बाजूला सारला, कशीबशी उठून बसले आणि मीटर कुंडीच्या काठाखाली सरकवला. दिवाणाच्या पायाचा टेकू घेतला आणि त्याच्यावर दोन्ही हातांनी भार टाकला. बाहेरून त्या बोलत होत्या, "हां, दम धरा. हळू. पाय आधी वढू नका, कुंडी हलू द्या. हलली का? आता वढा!" कुंडी बोटभर उचलली गेली आणि पाय सुटला. मीटर धनुष्यासारखा वाकला तो वाकलाच.

बसत, सरकत मी दारापर्यंत गेले आणि लॅच उघडलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर कळंत्रेबाईंचं बसकर अंथरलेलं होतं, शेजारी परातीत निम्मी निवडलेली मेथी. बाई सत्तरीच्या, आडव्या बांध्याच्या, पदर खोचलेला. त्यांनी माझा पाय पाहिला, दाबून पाहिला, मी ओरडले, तर म्हणाल्या, "मोडला न्हाई. मोडला असता तर दाबू दिला नसता तुमी." मग त्यांनी माझ्यामागे हॉलमध्ये पाहिलं. "आनि ह्ये काय चाललं हुतं एकटीनं?"

"कुंडी बदलत होते."

"मग बदलूया," त्या म्हणाल्या. "आडवं झालंयच, तर आता कशाला ठेवायचं?"

मी भिंतीला टेकून बसले, सुजलेला पाय उशीवर, आणि बुंधा दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्यांनी कुंडीच्या कडेने सुरी फिरवली, खालचं वेटोळं घातलेलं मूळ माझ्या परवानगीने कापलं, मग कुंडी दोन्ही पायांत धरली आणि मागे रेलून ओढली. दोन हिसक्यांत वाटीतून खोबरं सुटावं तसा गड्डा सुटून बाहेर आला. संकपाळ खोटं बोलला नव्हता. माती जवळजवळ नव्हतीच. मुळांनी कुंडीचा आकार घेतला होता, एकावर एक वेढे, बाहेरची कडक आणि आतली पांढरी, ओली. मी बोटांनी वेढे सोडवत होते आणि त्या बघत होत्या.

"दोनच इंच मोठी आणली व्हय कुंडी? जरा ऐसपैस आणायची की."

"एकदम मोठी दिली तर मुळं कुजतात. हळूहळू सवय करावी लागते."

"असं हाय का," त्या म्हणाल्या.

नवी कुंडी झाड आडवं असतानाच बुडाकडून चढवली, पायात बूट चढवावा तशी. मग त्यांनी दोर ओढला, मी बसल्या जागेवरून बुंधा ढकलला, आणि झाड एकदाचं उभं राहिलं. कडेने माती भरली, दाबली, पाणी दिलं. पाणी या वेळी थेट खाली पळालं नाही. सावकाश मुरलं. लाल कोंब वर होता तसाच होता. मला इतकं बरं वाटलं की पायाचं दुखणं विसरायला झालं.

त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. साखरेचा डबा कुठे आहे ते मला विचारावं लागलं नाही, त्यांनी शोधला. माझ्या घरात दुसऱ्या कुणी केलेला चहा मी पहिल्यांदाच प्यायले. साखर जास्त होती. मी दुसरा घोट घेतला.

"तुमचं नाव काय?" मी विचारलं.

"राजमती."

"राजमतीबाई, तुम्ही मघाशी दोनदा बेल वाजवली तेव्हा मी..." पुढे कसं बोलावं कळेना. "मला ऐकू आलं नाही बहुतेक."

"ऐकू आलं की," त्या सहज म्हणाल्या. "तुमी घरात असता तवा मला ठावं असतंय. चपला भाईर असत्यात न्हवं तुमच्या."

मी कप खाली ठेवला.

दाराबाहेर लाकडी रॅक होता. खालच्या कप्प्यात माझ्या चपला. घरात आले की तिथे काढायच्या, बाहेर जाताना घालायच्या. अकरा वर्षं. पंखा बंद करायची, रेडिओ बंद करायची, श्वास रोखायची, आणि चपला बाहेर. ज्या बाईने जिल्ह्यातले सगळे खोटे काटे पकडले तिच्या हे एकदाही लक्षात आलं नव्हतं. दर वेळी राजमतीबाई त्या चपलांकडे बघत दारात उभ्या राहत होत्या आणि परत जात होत्या.

"मग तरी तुम्ही पुन्हा पुन्हा यायच्या?"

"येत हुते. म्हणलं, कवा तरी उघडशीला."

"आणि आज? आज तर दारातच होतात."

"मोठ्ठा आवाज आला, चपला भाईर, आनि आत चिडीचूप. काळजी वाटली. म्हणलं, वॉचमनला घिऊन दार मोडावं का? पर तुमचा सोभाव ठावा. आतनं न्हाई म्हणालासा तर? म्हणून बसकर आनि मेथी घिऊन बसले पायरीवर. म्हणलं, हाक येऊ द्या. हाक आल्याबिगर कसं आत यायचं?"

म्हणजे तो अर्धा तास, मी झाडाखाली घसा खाकरत असताना, त्या दाराच्या पलीकडे सात-आठ फुटांवर बसल्या होत्या. मेथी निवडत.

मी त्यांच्याकडे पाहू शकत नव्हते, म्हणून झाडाकडे पाहत राहिले. त्यांनी चहाचा घोट घेतला, पदराने कपाळ पुसलं.

"सोमवारी पन आल्ते मी," त्या म्हणाल्या. "चपला हुत्या. काम कायच न्हाई, सांगाया आल्ते. मी चालले, बाई. पोराकडं हुबळीला. आता एकटीला जिना हुईना म्हणतोय त्यो. घर दिलं इकून. जेष्ठात ताबा द्यायचा हाय."

मी मनात महिने मोजले. चैत्र संपत आलेला. वैशाख. मग ज्येष्ठ.

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. राजमतीबाई उठायला लागल्या, गुडघ्यावर हात टेकून. मेथी तशीच पडली होती. आणि मी, जिने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, मी त्यांच्या लुगड्याचा काठ धरला. अगदी मुठीत धरला.

"जाऊ नका," मी म्हणाले.

त्या तशाच अर्ध्या उठलेल्या थांबल्या. काठ सोडवून घेतला नाही. माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आता म्हणता व्हय?" त्या म्हणाल्या. "अकरा वर्सं मी तुमच्या दारात येत हुते, बाई. आता म्हणता?"